हात ठेवून सांग

आमचा धाकटा लहानपणापासून संशयी. आईने "दार लावलंय" म्हणून सांगितलं तरी हा अंथरुणातून उठून कडी चाचपून यायचा. मी त्याची थोरली बहीण, त्यामुळे त्याला टपल्या मारण्याचं खातं माझ्याकडे. मी त्याला 'फौजदार' म्हणायचे. पुढे तो लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला आणि अंगचा हा दोष एकदम गुण ठरला. त्या धंद्यात म्हणे दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर विसंबणारी माणसं म्हातारी होत नाहीत.

ते काम जोडीने चालतं. एक जण वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून ये-जा करते त्याच्या तळाशी एक खड्डा असतो. तेलाचे थेंब, धूळ, लोकांच्या हातून फटीतून निसटलेल्या किल्ल्या, सगळं तिथे जमा होतं. त्या खड्ड्यात उतरायचं तर आधी वर तोंड करून ओरडायचं, "बंद?" वरच्याने मेन स्विच खाली ओढायचा, त्यावर हात ठेवायचा आणि मगच जबाब द्यायचा, "बंद!" हात ठेवल्याशिवाय जबाब नाही. 'मघाशीच केला होता' हे चालत नाही, 'असेल बंद' तर नाहीच नाही. धाकट्याने हा नियम घरीही आणला होता, पण तेव्हा ती थट्टा होती. मी म्हणावं, "भाजीत मीठ बरोबर आहे," की हा म्हणायचा, "ताई, हात ठेवून सांग," आणि सगळे हसायचे.

त्याचा जोडीदार पहिलवान. नावाचा पहिलवान, अंगाने नुसती काडी. फुंकर मारली तर उडेल. खड्ड्यात बारीक माणूस बरा, म्हणून खालचं काम नेहमी त्याच्याकडे. सुट्टीच्या दिवशी तो हमखास आमच्याकडे जेवायला. खिडकीजवळची खुर्ची त्याची, बेसूर गाणं त्याचं, आणि धाकट्याची मुलगी चिमणी ही त्याची खास प्रवासी. तिला दोन्ही हातांवर घेऊन तो कामावरच्या हाळीसारखं शेवटचं अक्षर लांब ओढत विचारायचा, "कितवा मजला, बाईसाहेब?" आणि ती सांगेल तितकी वर उचलायचा. दहावा म्हटलं की काडी थरथरायची. आई म्हणायची, "अरे लग्न कर, अंगाला थोडं मांस धरेल." तो म्हणायचा, "मावशी, मग खड्ड्यात मावणार कोण?"

त्या खड्ड्यातच तो गेला.

एका जुन्या इमारतीत ब्रेक बदलण्याचं काम होतं. धाकटा वर, लिफ्ट खालीवर चालवून ब्रेक तपासत होता. पहिलवान खड्ड्यात होता. धाकट्याने लिफ्ट खाली घेतली. आम्हाला एवढंच कळलं, कारण त्याने एवढंच सांगितलं. चौकशी झाली. त्यात धाकट्याचा दोष नाही असं निघालं. कंपनीचे साहेब घरी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीराचा माणूस आहे." खरंच, तो रडला नाही. पहिलवानाला शेवटचा निरोप देऊन परत आला, बूट काढून जागेवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढच्या आठवड्यात कामावर हजर. ज्याच्या त्याच्या तोंडी त्याच्या धीराचं कौतुक. मला ते कौतुक तेव्हाच टोचलं होतं. लहानपणी मांजराचं पिल्लू मेलं तर दोन दिवस न जेवणारा हा मुलगा, आता मुकाट्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ करत होता.

मग सुरू झालं "बंद?"

संध्याकाळी घरी आला की दारातूनच विचारायचा. आधी गॅसबद्दल. मग इस्त्रीबद्दल. मग नळ, मग गीझर, मग पंखा. त्यांच्या घरासमोरच माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटची लांबी कमी कर, ब्लाउज सैल कर, चेन बदल, असली कामं. तिथे येऊन माझ्या शिलाई मशीनकडे बघून विचारायचा, "बंद?" मी म्हणायचे, "फौजदार, माझे पाय बघा, कुठे आहेत ते." तो पाय बघायचा नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, मी शब्द उच्चारेपर्यंत.

लिफ्टमध्ये पाऊल टाकणं त्याने सोडलं. ज्याचं पोट लिफ्टवर, तो जिने चढून कामाला जायला लागला आणि वर पोचल्यावर मशीनच्या खोलीच्या दाराशी घामाने ओलाचिंब होऊन उभा राहायला लागला. कंपनीने त्याला गोदामात बसवलं, नट-बोल्टांच्या राज्यात. एकदा आमच्या गल्लीत कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. हा पाव घेऊन येत होता. पाव रस्त्यावर पडला आणि हा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसला. लोकांना वाटलं, दिवसाढवळ्या चढवलीय. मी दुकानातून धावले, त्याचा हात धरला तर बर्फासारखा गार. म्हणाला, "ताई, तू ऐकलंस?" मी म्हटलं, "ड्रिल आहे रे." तो म्हणाला, "त्याच्या मागचं." त्याच्या मागचं काय, ते मला कुठून ऐकू येणार?

भावजय सांगायची, झोपेत ओरडून उठतो. सकाळी विचारलं तर "काही नाही" एवढाच जबाब. पहिलवानाची खुर्ची त्याने माळ्यावर टाकली. त्याचं नाव कुणी काढलं की हा ताटावरून उठायचा, म्हणून घरातून ते नावच गेलं. मी त्याच्या पँटा कमरेत आत घेतल्या, मग पुन्हा आत घेतल्या. शेवटी त्याचे खिसे मागे जाऊन एकमेकांना चिकटले. कापडाला तरी किती आत घेणार!

सल्ले देणाऱ्यांची मात्र रीघ. काळ हेच औषध. पहाटे फिरायला जा. दूध पिऊन झोप. एका काकांनी तर दुसरं मूल होऊ द्या म्हणून सुचवलं. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाच्या बापाचं काय जातं! शेजारीण म्हणाली, "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, होईल कमी." मी तिला म्हटलं, "बाई, हा पाणीसुद्धा पीत नाही आता, नुसता फुंकतोय."

आईने तिच्या परीने तोडगा काढला. तो विचारायच्या आत ती जबाब द्यायची. जिन्यात त्याची पावलं वाजली की आतून, "बंद आहे रे बाळा, सगळं बंद आहे!" तिचं बघून भावजय, भावजयीचं बघून चिमणी. तिघींचा एक सूर. ऐकलं की त्याचे खांदे खाली यायचे, चेहरा क्षणभर पहिल्यासारखा दिसायचा. आईला तेवढंच हवं असायचं. पण हात धुऊन होतात न होतात तोच पुन्हा, "बंद?" मग पुन्हा, "हो रे, बंद." घराला हे वळण पडलं. मी कधी संध्याकाळी गेले की वाटायचं, या घरात दुसरं काही बोलतच नाहीत.

मग एका रविवारी दुपारी चिमणी टेबलाखाली घर-घर खेळत होती. भावजयीने वर भांड्यांचं जड टोपलं आणून ठेवलं. धाड् असा आवाज झाला. धाकटा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. तो कसा आला, कधी आला, कुणालाच कळलं नाही. टेबल उलथं पडलं, भांडी घरभर झाली, आणि त्याने चिमणीला मनगटाला धरून असं ओढलं की ती किंचाळली. तिला भिंतीशी नेऊन उभं केलं तरी हात सोडेना. भावजयीने एकेक बोट उचकटून काढलं. चिमणीच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते. तो त्या वळांकडे बघत राहिला आणि मग संडासात जाऊन दार लावून बसला.

भावजय माझ्या दुकानात आली. बसली नाही. म्हणाली, "ताई, मी त्याला सोडून चालले नाही. पण पोर त्याला घाबरायला लागलीय, आणि तो स्वतःला. तो डॉक्टरकडे गेला नाही, तर मी तिला घेऊन माझ्या भावाकडे राहणार. मनातून नको वाटतंय, पण राहणार." तिने घरी जाऊन मोठी बॅग कपाटावरून खाली काढली आणि पलंगाशी ठेवली. भरली नाही, नुसती ठेवली. धाकट्याने ती बघितली आणि म्हणाला, "मला काय झालंय? मी जिवंत आहे. ज्याला व्हायचं त्याला झालं." पालथ्या घड्यावर पाणी. मी ओरडले, आई रडली, भावजय गप्प राहिली, आणि तिघींचा उपयोग सारखाच झाला, म्हणजे शून्य.

त्याला हलवलं ते दुधाने.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते, चिमणीच्या शाळेच्या फ्रॉकला टीप मारत. आई कोचावर बसून शेंगा सोलत होती. जिन्यात पावलं वाजली. आई सवयीने म्हणाली, "बंद आहे रे बाळा." तो आत आला, खांदे खाली आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. आणि तिथून काहीच आवाज आला नाही. ग्लासाचा नाही, नळाचा नाही.

मी उठून गेले. गॅसवर दुधाचं पातेलं, खाली मंद ज्योत. दूध उतूसुद्धा गेलं नव्हतं. घडलं काहीच नव्हतं. तो ज्योतीकडे बघत उभा होता. मी पुढे होऊन गॅस बंद केला. तो बाहेर आला, आईसमोर उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "आई, तू हात ठेवला होतास?"

आई गांगरली. "अरे, मंद होता. विसरले मी. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं रे, दुसरं काय."

"तोही म्हणाला," धाकटा म्हणाला, "बरं वाटावं म्हणूनच."

"कोण?" मी विचारलं.

तो खाली जमिनीवर बसला आणि तेव्हा आम्हाला पहिल्यांदा सगळं कळलं. त्या इमारतीचा वॉचमन लिफ्टच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. आठवडाभर तो यांची हाळी ऐकत होता, "बंद?", "बंद!" त्याला मजा वाटायची. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणाचं तरी ड्रिल चालू होतं. पहिलवानाचा पाना खड्ड्यात पडला. एरवी दार उघडं असलं की लिफ्ट चालत नाही, पण तपासणीसाठी दाराचा खटका यांनीच तात्पुरता काढलेला होता. पहिलवानाने वर तोंड करून विचारलं, "बंद?" ड्रिलच्या आवाजात ते धाकट्यापर्यंत पोचलंच नाही. आणि वॉचमनने खुर्चीतून, मदत म्हणून, हसत जबाब दिला, "बंद!" त्या बोगद्यात सगळे आवाज वरूनच आल्यासारखे वाटतात. पहिलवान उतरला.

"वॉचमन माझे पाय धरून रडला," धाकटा म्हणाला. "म्हणाला, रोज तुमचं ऐकत होतो, वाटलं बंदच असेल. मी त्याला काय बोलू? चांगला माणूस आहे. आम्ही घरी निघालो की रोज चहा विचारायचा." मग तो आईकडे बघून म्हणाला, "तुम्ही रोज असंच सांगत होता? न बघता? रोज?"

आईच्या मांडीवरच्या शेंगा खाली पसरल्या. त्याला एका जागी दोन क्षण टेकता येत होतं ते या तिघींच्या शब्दावर, आणि तो शब्दच पोकळ निघाला. तो मग स्वतःच घरभर फिरला, प्रत्येक बटणावर, प्रत्येक नळावर हात ठेवत. एक फेरी झाली की दुसरी. शेवटी माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "ताई, मला थांबता येत नाहीये. मला कुणीतरी थांबवा." सहा फुटांचा बाप्या, आणि आवाज लहानपणी जत्रेत हरवलेल्या पोराचा.

मी त्याला घेऊन गेले. आधी नेहमीच्या डॉक्टरकडे. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मनाच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. आम्ही त्या पत्त्यावर गेलो, तर दवाखाना वरच्या मजल्यावर. प्रवेशद्वारातच लिफ्ट, लिफ्टच्या दाराशी खुर्ची, आणि खुर्चीवर वॉचमन. आमच्याकडे बघून तो गोड हसला. "जा ना, चालू आहे लिफ्ट, काही भीती नाही!" धाकटा जागच्या जागी वळला आणि रस्त्याला लागला. मी मागून हाका मारत राहिले. नशिबाची चेष्टा म्हणावी तर तिलाही काही मर्यादा असते!

मी डॉक्टरबाईंना फोन करून भांडले. म्हटलं, "तुमच्याकडे येणारी माणसं कशाकशाला घाबरत असतील, आणि तुम्ही वर जाऊन बसलात होय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. खाली डोळ्यांच्या डॉक्टरांची खोली आहे, सकाळी रिकामी असते. मागच्या दाराने आणा त्यांना. मी खाली येते." आणि आल्या. वयाने माझ्या निम्म्या, हातात स्वतःची पाण्याची बाटली. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, वर ठळक, खाली बारीक होत गेलेला. त्याच्यासमोर आमचा धाकटा खुर्चीच्या टोकावर बसला, पाठ भिंतीला, नजर दारावर.

त्यांनी पुष्कळ विचारलं, त्याने थोडं सांगितलं, मी मध्ये मध्ये भर घातली आणि दोनदा "तुम्ही थांबा, ताई" ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "याला नाव आहे. आघातानंतरचा ताणविकार, पीटीएसडी. भयंकर काही घडलं, की बहुतेकांचं मन काही काळाने मान्य करतं, की ते झालं, आता मागे पडलं. तुमचं मन अजून त्याच खोलीत उभं आहे. म्हणून ड्रिल वाजलं की ते आठवत नाही, ते पुन्हा घडतं. ती स्वप्नं, तो घाम, दचकणं, चिडणं, आपल्याच माणसांत परकं वाटणं, सगळं त्याचंच. हा वेडेपणा नाही. आणि तुम्ही कच्च्या मनाचे आहात असंही नाही."

नाव मिळालं तसा मला हुरूप आला. नाव आहे म्हणजे गोळी असणार. "मग द्या ना गोळी," मी म्हटलं.

"गोळ्या देता येतील, त्यांची मदत होते. पण मुख्य उपचार बोलण्याचा. तो दिवस त्यांनी मला सांगायचा. पुन्हा पुन्हा. हळूहळू, झेपेल तसा."

"म्हणजे जखम भरावी म्हणून रोज उकरायची?"

"उकरायची नाही, धुवायची. झोंबणार. सुरुवातीला वाढल्यासारखं वाटणार, तेव्हा सोडून जाऊ नका." मग त्यांनी त्याच्याकडे वळून सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं?"

मला वाटलं, ही बाई काय भलतंच त्याच्या डोक्यात घालतेय! पण तो तक्त्याकडे बघत म्हणाला, "खड्ड्यात मी असायला हवा होतो, असं वाटतं. रोज." इतके महिने मी त्याची कंबर मोजत होते, हे कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, असं बोलणं वाढलं तर वाट बघायची नाही, कुठल्याही वेळी फोन करायचा, एकटं सोडायचं नाही. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

आणि शेवटी घरच्यांसाठी म्हणून एक नियम दिला. 'बंद?' विचारलं, तर एकदा जबाब द्यायचा. उठून, बघून, हात ठेवून, खराखुरा. त्यानंतर पुन्हा विचारलं तर गप्प. काहीही झालं तरी गप्प. "तुमच्या जबाबाने त्यांना क्षणभर बरं वाटतं आणि पुन्हा तुमच्याच जबाबाची गरज लागते," त्या म्हणाल्या. "ती भीती वर चढते आणि आपोआप उतरते, हे त्यांच्या शरीराला एकदा तरी कळायला हवं. ते तुम्ही त्यांच्यासाठी करू शकत नाही." धाकट्यानेही मान डोलावली. हे सगळं त्याच्यासमोर, त्याला विचारून ठरलं.

बोलायला सोपं! आईला तर हे ऐकूनच घाम फुटला. म्हणाली, "पोटचा पोर हाक मारतोय आणि ओ द्यायची नाही? ही कसली डॉक्टर?" चिमणीला मी समजावलं तेव्हा ती शहाण्यासारखी म्हणाली, "म्हणजे शाळेसारखं, हाताची घडी, तोंडावर बोट." मी म्हटलं, "हो, अगदी तसंच."

डॉक्टरबाई खोटं बोलल्या नव्हत्या, वाढलंच. सकाळी तिथून आला की तो दिवसभर पडून असायचा. जेवण नको, चिमणी नको. एकदा अर्ध्या रस्त्यातून परत फिरला. एकदा मला म्हणाला, "ताई, ती बाई मला पुन्हा लिफ्टचं बटण दाबायला लावते," आणि त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून राहिले, दुकान उघडलंच नाही. संध्याकाळी तो विचारायचा. भावजय उठून, हात ठेवून सांगायची. तो पुन्हा विचारायचा, आणि आम्ही बसायचो. तो दारात उभा, कपाळावर घाम, आमच्या एकेकीच्या तोंडाकडे आशेने बघत, आणि आम्ही हातावर हात ठेवून. आई बऱ्याचदा ओठांवर आलेला शब्द गिळायची. एकदा तिच्या तोंडून निसटलाच, "बंद आहे रे राजा!", आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ती बॅग अजून पलंगाशीच होती. भावजय तिच्यावरची धूळ पुसायची, उचलायची नाही.

खरं सांगते, मला काही सुधारणा दिसत नव्हती. आपल्या माणसाला बुडताना बघायचं आणि काठावर बसून हाताची घडी घालायची, यालाच उपचार म्हणत असतील तर मला ते समजत नव्हतं. मी शिवणारी बाई. फाटलं की सुई घ्यावी, एवढंच मला येतं.

परवाच्या संध्याकाळची गोष्ट. चहा झाला होता. मी टेबलाशी बसले होते, आई कोचावर, चिमणी जमिनीवर चित्र काढत. तो सकाळी डॉक्टरबाईंकडे जाऊन आला होता आणि दिवसभर एक शब्द बोलला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "बंद?"

भावजय उठली. आत गेली, गॅसच्या बटणावर हात ठेवला आणि तिथूनच म्हणाली, "बंद. हात ठेवलाय." येऊन बसली.

तो हलला नाही. "बंद?"

कुणी बोललं नाही. चिमणीने रंगीत खडू खाली ठेवला, हाताची घडी घातली, मग आठवण होऊन एक हात सोडवला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"बंद?" आता आवाज चढला होता. त्याने चौकट घट्ट धरली. आईने डोळे मिटून घेतले. भावजय जमिनीकडे बघत होती. माझ्या जिभेवर शब्द आला होता, फक्त दोन अक्षरं. ती म्हटली असती तर त्याचे खांदे खाली आले असते. मी दात आवळून बसले.

"बंद?" चौथ्यांदा. तो आमच्याकडे बघत नव्हता आता. मान वर करून, छताच्याही पलीकडे कुठेतरी बघत त्याने हाळी दिली, लांब, खालून वर पोचवायची असते तशी. ती त्याची हाळीच नव्हती. शेवटचं अक्षर ओढायची ती पहिलवानाची लकब होती. चिमणीलाही ती कळली, तिचं ओठांवरचं बोट खाली आलं.

मग चौकटीवरचा हात सुटला. मान हळूहळू खाली झुकली, आणि त्याच्या पायाशी, तिथे खाली कुणी उभं असावं तसं, तो जमिनीकडे बघून बोलला.

"नाही रे पहिलवाना," तो म्हणाला. "बंद नव्हतं. उतरू नकोस."

आणि तिथेच खाली बसून रडायला लागला, तोंड वासून, लहान मुलासारखा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आई उठायला लागली तशी भावजयीने तिचा हात धरला. चिमणीने माझ्याकडे बघितलं, आता काय करायचं म्हणून. मला माहीत नव्हतं. मी हाताची घडी घालून बसून राहिले.